समाप्तची पाटी पडल्यावर लागलेलं लग्न

मी, या घराची म्हातारी, ऑपरेटरची बायको, हेडक्लार्कची आई आणि एका गुणी नातीची आजी, आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, डोकं जागेवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, कुणी फूस लावलेली नाही, आणि औषधाची गुंगीही नाही. गुडघे सोडले तर तब्येत उत्तम आहे. शाळा तिसरीपर्यंत झाली. पुढचं वाचायला थिएटरच्या पाट्यांवरून शिकले, म्हणून माझं अक्षर पाटीवरच्यासारखं मोठं येतं आणि कागद जास्त लागतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी म्हणालं तर तो खोटारडा.

कोपऱ्यावर टेबल टाकून बसणारे अर्ज लिहिणारे काका म्हणाले, "आजी, आधी आपण कोण ते लिहायचं, मग मालमत्ता, मग कुणाला काय."

"आणि मनातलं?"

"मनातलं मृत्युपत्रात नसतं."

"मग ते ठेवायचं कुठं?"

काकांनी टोपण काढून पेन माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "तुम्हीच लिहा. मला जमायचं नाही."

म्हणून मी लिहीत आहे. मी स्वभावानं आनंदी बाई आहे. सकाळी डोळे उघडले की आधी हसू येतं, मग गुडघे आठवतात. पण गेल्या रविवारपासून मला आरशात स्वतःचं तोंड बघवत नाही. केस विंचरायचे तर भिंतीकडं बघून विंचरते. हे मृत्युपत्र त्या रविवारातून निघालेलं आहे, आणि मी तिथं येणारच आहे; आधी भांडीकुंडी उरकते, म्हणजे पुढं अडखळायला नको.

कलम पहिलं. माझी बॅटरी सूनबाईला. थिएटरात मी बायकांच्या बाजूला बॅटरी दाखवून खुर्च्या दाखवायचे, ती ही बॅटरी. अंधारात रडणाऱ्या बाईच्या तोंडावर कधी उजेड पाडायचा नाही, पायाशी पाडायचा, एवढं सूनबाईनं लक्षात ठेवावं. तिला स्वतःच्या कपाटातली वस्तू सापडत नाही, तेव्हा उपयोग होईल. सूनबाई मनानं चांगली आहे. हसू नये तिथं हसते, एवढाच तिचा दोष, आणि तो बहुतेक माझ्याकडूनच लागला.

शिवणाचं मशीन वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना. त्यांनी माझ्या गुडघ्यांना इतकी वर्षं फुकट शेक दिला. मशीनचं पायडल कुरकुरतं, तेल घालावं.

माझा लोकरीचा कोट कुणालाही द्यावा, नणंदेला सोडून.

कलम दुसरं, नणंदेबद्दल. तिनं माझं मोठं पातेलं पाहुण्यांसाठी म्हणून नेलं आणि चार महिन्यांनी त्याच्याहून लहान आणून दिलं. मी म्हटलं, "हे माझं नव्हे." तर मला म्हणते, "वहिनी, विस्तवावर राहून राहून आकसलं असेल." मी तिला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. पण माझ्यामागं कुणी ते पातेलं मागायला जाऊ नये. तिच्या सुनेसमोर तिची शोभा होईल, आणि शोभा होणं काय असतं ते मला आता नीट कळलं आहे.

कलम तिसरं. रीळ जोडायचं यंत्र, त्याच्यासोबतची छोटी कात्री आणि डबीतला फिल्मचा तुकडा. हे सगळं नातीला. नातीला मी खार म्हणते, कारण लहानपणी ती सारखी काहीतरी गालात साठवून पळायची. आता ती प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासते, तरी चालणं तसंच आहे.

या वस्तूंची हकीकत तिला पाठ आहे, पण बाकीच्यांसाठी लिहिते. आमचे हे थिएटरात ऑपरेटर होते. वर केबिनमध्ये उकाड्यात बसून सिनेमा दाखवायचे. त्या वर्षी एक सिनेमा आला. बापाचा कारखाना बंद पडतो, घरातली एकेक वस्तू विकली जाते, मुलगी शेजारच्या दिवे दुरुस्त करणाऱ्या मुलावर जीव लावते, आणि बाप तिला दुसऱ्याच घरी देण्याचा शब्द देऊन बसतो. मुलगी अंथरूण धरते. तापात तिला स्वप्न पडतं, की गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध तिचं त्या मुलाशी लग्न लागतंय, बँड वाजतोय, आणि बाप नवा कोट घालून हसतोय. हे शेवटच्या आधीचं रीळ. शेवटच्या रिळात मुलगा धावत येतो आणि ती गेलेली असते. बाप तिच्या उशाशी बसून राहतो. मग समाप्तची पाटी.

सिनेमा लागला त्याच दिवशी दुपारी माझा मुलगा जन्मला. आमचे हे बातमी ऐकून दवाखान्यात आले, बाळाकडं बघून एवढे खुळावले की उलटी चप्पल घालून कामावर गेले, आणि तिथं शेवटची दोन रिळंही उलटी लावली, नंतरचं आधी आणि आधीचं नंतर.

म्हणजे झालं असं. मुलगी मेली. बाप रडला. समाप्तची पाटी पडली. लोक डोळे पुसत उठले, खुर्च्या खटाखट वाजल्या, आणि अचानक बँड सुरू झाला! गच्ची, चादरी, आणि मेलेली मुलगी नवऱ्याशेजारी उभी. लोक होते तिथं थांबले. कुणी खुर्चीच्या हातावर टेकलं, कुणी वाटेतच फतकल मारली. पुढच्या स्वस्तातल्या बाकांवरून एक म्हातारा ओरडला, "उठली रे पोरगी! उठली!" आणि अख्खं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं. मागून दोघी बायका एकमेकींना समजावत होत्या, की तो डॉक्टर आला होता ना मघाशी, त्याचं औषध लागू पडलं असणार.

मालक यांना हाकलायला जिना चढत होते. अर्ध्या जिन्यात टाळ्या ऐकल्या, वर येऊन घाम पुसला आणि म्हणाले, "उद्यापासून असंच लाव."

मी बाळंतपणातून उठून कामावर गेले, तेव्हाही तो सिनेमा चालूच होता, आणि तसाच उलटा. आमच्या गावातल्या एका पिढीला माहीतच नाही की ती मुलगी मरते. मी रोज अंधारात उभी राहून ते लग्न बघायचे आणि रोज आनंदानं रडायचे. डबीतला तुकडा त्याच लग्नाचा. पुढं नातीला मांडीवर घेऊन मी हीच गोष्ट सांगितली. ती विचारायची, "आजी, पण खरं काय झालं?" मी सांगायचे, "सिनेमावाल्यांची चूक झाली होती, ती तुझ्या आजोबांनी दुरुस्त केली. लोक ज्यावर उठून टाळ्या वाजवतात तो शेवट खरा."

माझ्या मुलाला मात्र ही गोष्ट कधी आवडली नाही. शाळेत पोरं त्याला 'उलटं रीळ' म्हणायची. तो रडत घरी यायचा आणि आम्ही दोघं हसायचो. आम्हाला वाटायचं, गंमत आहे. म्हणून तो असा झाला असेल. त्याच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असतात.

कलम चौथं. यात द्यायला काही नाही. हे रविवारचं कलम आहे.

खारीचा पांढरा कोट कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात जातो. तिथल्या मुलानं एकदा न सांगता कोटाचं तुटलेलं बटण लावून दिलं. दुसऱ्या वेळी तिनं मुद्दाम बटण तोडून नेलं, हे तिनं मला आधी सांगितलं आणि मग स्वतःच तोंड लपवलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, "घेऊन ये त्याला घरी." रविवारी तो आला. हडकुळा, उंच, हाताला चटक्यांच्या खुणा, आणि स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री करायला विसरलेला.

माझा मुलगा समोर बसला. अंगात त्याच मुलानं इस्त्री केलेला कडक सदरा.

"काय करतोस?" माहीत असून विचारलं.

"इस्त्री."

"ते झालं. पुढं काय?"

"पुढंपण इस्त्रीच. गल्लीच्या पलीकडं दुसरं दुकान बघतोय."

"म्हणजे दोन इस्त्र्या."

सूनबाईला हसू फुटलं, मग तिनं तोंडावर हात ठेवला. खार म्हणाली, "बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?"

"मी हसत नाहीये. तुझ्या डोक्यात कुणी काय भरलंय ते मला माहीत आहे. लहानपणापासून आजीनं तो सिनेमा पाजलाय तुला. विचार तिला, या पाहुण्यांसमोर विचार, खरा शेवट काय होता त्याचा?"

खार माझ्याकडं वळली. हसत वळली. तिला वाटलं, आता आजी बाबांची जिरवणार. "सांग ग आजी. शेवटी काय होतं?"

मुलगा माझ्याकडं बघत होता. घर माझ्या नावावर आहे. पण हातपाय थकले की घर ज्याच्या नावावर त्याचं राहत नाही, दिवा लावणाऱ्या-मालवणाऱ्याचं होतं. मी कपाकडं बघितलं आणि म्हटलं, "शेवटी ती मरते."

एवढंच बोलले. खोटं काहीच नव्हतं त्यात.

मुलगा म्हणाला, "ऐकलंस?"

खारीचं हसू तोंडावर तसंच राहिलं थोडा वेळ, जसं कुणी बटण बंद केल्यावर पंखा फिरत राहतो. तो इस्त्रीवाला मुलगा उठला. "येतो मी" म्हणाला. जाता जाता आपला कप आत नेला, धुतला, पालथा घातला, हात सदऱ्याला पुसले आणि गेला. आमच्याकडं आलेल्या पाहुण्याला कप धुवायला लागला, आणि मी बसून पाण्याचा आवाज ऐकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

खार भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडत नाही. वेळच्या वेळी माझ्या डोळ्यांत औषध घालते, पाठीला उशी लावते, "चहा हवा का" विचारते. फक्त 'आजी सांग ना' म्हणत नाही. आणि कोट घरीच इस्त्री करते, स्वतः, वाकडातिकडा.

कलम पाचवं. घर. घरात पुढच्या दोन खोल्या आणि मागची एक, जिच्यात मी राहते. मागच्या खोलीला गल्लीत उघडणारं वेगळं दार आहे. पुढच्या खोल्या मुलाला आणि सूनबाईला. मुलाच्या मागं सूनबाईला तिथून कुणी हलवू नये.

मागची खोली माझ्यामागं खारीला. म्हणजे तिला हवं त्याच्याबरोबर गल्लीच्या दारानं ये-जा करता येईल, कुणाच्या पेन्सिलींना धक्का न लावता.

इथं मी आधी लिहिलं होतं, 'इस्त्रीवाल्याशी लग्न केलं तरच.' ते खोडलं आहे, खाडाखोड माझीच समजावी. सिनेमातल्या त्या बापानंही पोरीचं लग्न स्वतःच ठरवलं होतं. खारीनं त्याच्याशी लग्न करावं, दुसऱ्याशी करावं, किंवा खोलीत एकटीनं मोठ्यानं गाणी म्हणावीत. खोली तिची.

हे लिहून मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, रविवारची भरपाई झाली. तेवढ्यात खार डोळ्यांत औषध घालायला आली.

"काय लिहितेस एवढं?"

"माझ्यामागं ही खोली तुला. म्हणजे तुझा मार्ग मोकळा."

तिनं औषधाची बाटली हलवली. म्हणाली, "म्हणजे मी तू मरायची वाट बघू?"

"तसं नाही ग."

"तसंच आहे. डोळा उघड. वर बघ." थेंब पडला. "मला नको असली खोली. रोज सकाळी तुझा श्वास चालू आहे का बघायला येते मी. उद्यापासून कशासाठी येते असं वाटेल मला?"

आणि दुसऱ्या डोळ्यात न घालताच गेली.

मी एका डोळ्यानं बसून राहिले. लाजेवर आणखी लाज चढली. रविवारी मुलासमोर बोलले नाही, आणि आज काय करत होते? मेल्यावर बोलणार होते! तेव्हा त्याचं रागावलेलं तोंड बघायला मी नसणार, म्हणून. याला भरपाई म्हणत नाहीत, पळून जाणं म्हणतात. पोरीनं लग्नासाठी माझं मढं उचलायची वाट बघायची आणि मी वर बसून टाळ्या ऐकायच्या.

तर कलम पाचवं, मागच्या खोलीपुरतं, रद्द. इथं पेन ठेवते आणि पुढच्या खोलीत जाऊन येते.

आले.

कलम सहावं. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढं कुणी मला विचारू नये.

मुलगा बनियनवर बसून पेपर वाचत होता. मी उभ्यानंच म्हटलं, कारण बसले असते तर उठेपर्यंत धीर गेला असता. म्हटलं, "अरे, मागची खोली मी पोरीला देते. आज. मी पुढं तुमच्याकडं झोपायला येते."

"कशाला?"

"तिला त्या मुलाशी लग्न करून राहायला."

पेपर तसाच वर. "रविवारी तर तूच म्हणालीस, ती मरते."

"रविवारी मी भ्याले होते."

"कुणाला?"

"तुला."

पेपर खाली आला. "मला? मी काय मारतो तुला?"

"नाही रे. तू चिडलास की बोलत नाहीस माझ्याशी. या वयात तेवढं पुरतं."

त्यानं पेपरची काठाला काठ लावून घडी घातली. आतून सूनबाईचा भांड्यांचा आवाज बंद झाला. मी पुढं म्हटलं, "आणि तुला पोरं चिडवायची तेव्हा आम्ही हसायचो. तेही नको होतं करायला. पण त्याचा राग त्या इस्त्रीवाल्यावर काढू नकोस. त्यानं काही उलटं लावलेलं नाही."

घडीवरून अंगठा फिरवत तो म्हणाला, "लग्नाला मी येणार नाही."

"नको येऊस."

"मला बाबा म्हणायचं नाही त्यानं."

"त्याला त्याचा बाप आहे."

"आणि तुझा तो पलंग या दारातून आत येणार नाही. आधीच सांगतो."

मी म्हटलं, "मग पाय काढ त्याचे."

 माझा मुलगा उठला, सदरा घातला, आणि हत्यारांची पेटी शोधायला लागला. सूनबाईनं मृत्युपत्रातून मिळायच्या आधीच माझी बॅटरी घेऊन माळ्यावर उजेड धरला.

कलम सातवं. खोलीचा वेगळा कागद उद्या करू, असं अर्ज लिहिणारे काका म्हणतात. ते आणि नर्सबाई साक्षीसाठी येऊन बसले आहेत; नर्सबाईंची साक्ष चालावी म्हणून शिवणाचं मशीन त्यांना आजच देऊन टाकलं, ते मृत्युपत्रातून वगळावं. बँकेत जे आहे ते माझ्या शेवटच्या खर्चाला, उरलं तर खारीच्या दुकानदाराला नवीन इस्त्री घ्यावी. मी गेल्यावर रडायला हरकत नाही, पण पाहुण्यांना आधी चहा द्यावा आणि कप त्यांना धुवू देऊ नयेत.

मी काकांना विचारलं, "त्या इस्त्रीवाल्या मुलाची साक्ष घेतली तर?"

काकांनी मान हलवली. "नको. नातीला यातून मिळणार, आणि तो तिचा नवरा व्हायचा. साक्षीदार परका असलेला बरा."

"म्हणजे तो परका नाही?"

"नाही धरायचा."

हे ते मोठ्यानं बोलले, आणि माझा मुलगा पलीकडं वाकून पलंगाचे नट सैल करत होता, त्यालाही ऐकू गेलं असणार.  पाना एकदा घसरला.

आता तो म्हणतोय, "एकट्यानं उचलणार नाही हे. कुणीतरी दुसरं टोक धरा." काकांची कंबर धरलेली आहे. नर्सबाई हसताहेत. सूनबाई म्हणाली, "कोपऱ्यावर आहे ना एकजण." मुलगा 'नको' म्हणायच्या आत खार गल्लीच्या दारातून पळालीसुद्धा, आणि दुकानातून त्या मुलाचा आवाज आला, "इस्त्री बंद करून आलोच!"

मी पलंगावर बसूनच हे लिहीत आहे. माझा मुलगा माझ्या डोक्याशी उभा आहे, बाह्या वर सारून. म्हणतोय, "आई, ऊठ आता. तुझ्यासकट उचलायचाय का?"

वर लिहिलेलं सगळं मी वाचून बघितलं, ते माझंच आहे आणि मला मान्य आहे.

सही: (माझी, मोठ्या अक्षरात)

साक्षीदार: वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई
साक्षीदार: कोपऱ्यावरचे अर्ज लिहिणारे काका, पलंगाला वाट देऊन भिंतीला टेकून केलेली सही

ठिकाण: खारीची खोली
तारीख: आजची, काका घालतील. मला उठायला सांगितलं आहे.